थीसिसच्या खुंट्या

नगररचनेच्या पदविकेत मला पहिला वर्ग मिळाला. ते प्रमाणपत्र कपाटात जुन्या कागदांखाली पडलेलं असतं. मध्ये एकदा सुनेच्या हाती लागलं, तर ती म्हणाली, "बाबा, हे फ्रेम करून समोरच्या खोलीत लावू या." मी तिच्यावर असा काही खेकसलो की दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. तिचं काय चुकलं होतं? काही नाही. जे चुकलं ते फार वर्षांपूर्वी, आरमोरीला. आणि 'चुकलं' हा शब्दही मी सोयीनं वापरतो आहे. चूक दुसऱ्यांची झाली. मी ती होऊ दिली.

मी चांद्याचा. तेव्हा चंद्रपूर कोणी म्हणत नसे, चांदाच. वडील शाळामास्तर. शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झालो आणि पुढं एका दूरच्या शहरात नगररचना शिकायला गेलो. विषय इतका नवा की घरी समजावून सांगताना नाकी नऊ यायचे. आई शेजारणीला सांगायची, "गावं कशी वसवाची ते शिकून राह्यला पोरगा." त्यावर शेजारीण म्हणायची, "म्हंजे? आजपर्यंत गावं वसलेच नाई का बाप्पा?" आई हसायची, मला मात्र त्या बाईचा संताप यायचा.

शेवटच्या वर्षाला थीसिस असायचा. खरी जागा निवडायची, स्वतः साखळी टाकून मोजायची आणि तिथं कागदावर नवी वसाहत उभी करायची. रस्ते, बाजारओळ, प्लॉट, शाळा, शिवाय ती जमीन आज कोणाच्या कामाची आहे आणि वसाहत झाल्यावर कोण ती घ्यायला धावेल, यावर एक प्रकरण. आमचे सर विलायतेत शिकून आलेले. आवाज कधी चढायचा नाही. हातात लाल पेन्सिल. मी पहिल्यांदा चांद्याच्या परकोटाच्या आतलं गाव घेतलं होतं. सरांनी सगळ्या वर्गासमोर तो कागद उचलला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ ओढली आणि म्हणाले, "ही जागा नव्हे, ही तुमच्या लहानपणाची आठवण आहे. जागा आणा." वर्ग खो खो हसला. तीन आठवड्यांचं काम होतं ते. त्या हसण्यातले दोन-तीन चेहरे मला अजून आठवतात, आणि ते सगळे आता मेलेत याचं मला फारसं वाईट वाटत नाही.

म्हणून मी आरमोरी घेतली. धानाचा मोठा बाजार, दोन-तीन राइसमिली, वडसा स्टेशन जवळ, खाली गडचिरोलीकडं जाणारा रस्ता. गाव वाढणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. आमचा जिल्हा नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला होता, कचेऱ्यांमध्ये कोणाचा शिक्का चालतो हेच कारकुनांना कळत नव्हतं. अशा दिवसांत, ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी, मी वडशाला छोट्या गाडीतून उतरलो. खाकी हाफपँट, उसनी सोला हॅट, आणि सामानात कॉलेजचं मोजणीचं प्लेन टेबल, साखळी, लाल टोकाच्या खुंट्यांचं पोतं.

एका राइसमिलवाल्यानं मिलच्या माडीवर खोली दिली. कॉलेजचं पत्र त्यानं वाचलं. गावात ते वाचलेला तो एकटाच. बाकी सगळ्यांनी हॅट पाहिली आणि मी 'मोजनीवाले सायेब' झालो. मी सरकारचा कोणी नव्हतो, साधा विद्यार्थी होतो, पण कोणी सरकारी समजलं तर मी खोडत नव्हतो. कशाला खोडू? बैलबंडीवाले आपणहून रस्त्यातून बंड्या बाजूला घ्यायचे. कोतवाल नमस्कार करायचा. वर्गात ज्याच्यावर हसले, त्याला इथं लोक खाट टाकून द्यायचे. मला ते फार आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

साखळी धरायला गावातला एक ढिवर मिळाला. चाळिशीचा, काटक, तोंडाचा पट्टा सतत चालू. उन्हाळ्यात वैनगंगेला पाणी कमी, मासळी कमी, म्हणून तो मोकळा होता. कामाला चोख.

गावाच्या धानशेतांच्या शेवटच्या बांध्या संपल्या की गडचिरोलीच्या रस्त्याला लागून मुरमाड उंचवटा होता. पाणी तुंबायचं नाही, रस्ता दाराशी, चार मोठाले मोहाचे वृक्ष. वसाहतीला याहून चांगली जागा मिळाली नसती. फक्त तिच्यावर गोंडांचा अकरा घरांचा टोला होता. सागाचे खांब, कुडाच्या भिंती, त्यावर माती-शेणाचा हात, काही घरांवर कवेलू, काहींवर गवत. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ही माणसं आतल्या जंगलातून येऊन इथं बसली होती. कागद कोणाकडंच नव्हता. मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, होता तोवर त्याच्या शब्दावर राहिले, तो गेल्यावर कोणाच्याच शब्दावर नाही. माझ्या आराखड्यातला मुख्य रस्ता या टोल्याच्या मधोमध जात होता.

टोल्यात सफाईनं मराठी बोलणारी एकच बाई होती. पन्नाशीची असेल. बाजाराच्या दिवशी मोह, चारोळी, डिंक घेऊन बसायची, म्हणून जीभ तयार. नवरा वारलेला, एक लग्न झालेला मुलगा, सून. टोल्याच्या वतीनं कोणाशी बोलायचं तर तीच पुढं यायची. पहिल्या दिवशी मी प्लेन टेबलवर वाकून एक डोळा मिटून नेम धरत होतो, तर ही कुंपणापाशी उभी राहून म्हणते, "सायेब, डोळा कोणाले मारून राह्यले?"

सगळ्या बायका फिसकन हसल्या. ढिवरही हसला. माझे कान तापले. वर्गातलं हसणं तिथंच माझ्या मागं येऊन उभं राहिलं होतं.

"काम करू द्या," मी म्हणालो.

"कराना बाप्पा. आमी कुठी अडवलं?" ती जवळ आली. मी खुंटी ठोकली, ती पाहिली. भोवती चुना टाकला, तो पाहिला. "हे कायले?"

"मोजणी."

"मंग?"

"मग नकाशा."

"अन् मंग?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं की ती माझी फिरकी घेत होती, ते मला तेव्हा कळलं नाही आणि मी समजून घेतलंही नाही. मी हात सरळ केला, तिच्या घराच्या दारातून आरपार दाखवला आणि म्हणालो, "मग रस्ता. इथून. सरळ."

तिचं हसू गेलं. मला बरं वाटलं. एवढंच. बाईनं चेष्टा केली आणि मी तिची जिरवली. मनात दुसरं काही नव्हतं. तो रस्ता कागदाबाहेर कधी येणार नाही हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. त्या दिवशी टोल्यात मी सतरा खुंट्या ठोकल्या, आणि बाईनं प्यायला पाणी दिलं ते घटाघटा पिऊन माडीवर परतलो.

मोजणी संपवून नकाशाची एक प्रत सरांकडं पाठवली आणि खोलीत बसून ट्रेसिंग कापडावर शाईनं काम सुरू केलं. नऊ मोठे कागद. घाम कापडावर पडला की शाई पसरायची, म्हणून मनगटाला फडकं बांधून रेघा ओढायचो. सहा कागद झाले तेव्हा सरांचं उत्तर आलं. आराखडा बरा आहे. पण मुख्य रस्त्यावर अकरा घरं दिसतात, त्यांचं काय करणार? एकतर रस्ता वळवा, नाहीतर या घरांसाठी दुसरी जागा मोजून तिचा आराखडा जोडा. दोन्हींतलं काहीच नसेल तर थीसिस अपुरा समजला जाईल. बाहेरचे परीक्षक खाणींच्या वसाहतीच्या कामासाठी चांद्याला येणार आहेत, त्यांना घेऊन मी जागा पाहायला येतो. पंधरा दिवसांनंतरची तारीख.

मी ते पत्र भिंतीवर फेकून मारलं. रस्ता वळवायचा तर नऊच्या नऊ कागद पुन्हा. दुसरी जागा मोजायची तर तिचे तीन-चार कागद नवे. पंधरा दिवसांत दोन्ही शक्य नव्हतं, आणि नापास झालो तर शिष्यवृत्ती बंद. वडिलांना काय तोंड दाखवणार? मी सरांना शिव्या दिल्या, परीक्षकांना दिल्या, आणि त्या अकरा घरांनाही दिल्या. दुसऱ्या दिवशी घरांची मापं तरी घेऊ म्हणून एकटाच टोल्यावर गेलो.

पहिल्याच घराचं छप्पर नव्हतं. कवेलू खाली नीट रचून ठेवलेली. बाईच्या घरापाशी तिचा मुलगा विळ्यानं खांबांवर खाचा पाडत होता. एका खांबावर एक खाच, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"खुणा करून राह्यला," बाई म्हणाली. "कोणता खांब कोणत्या कोन्यात, ते तिकडं गेल्यावर ध्यानात राहत नाई ना."

"तिकडं म्हणजे कुठं?"

"पाहू. बोडीच्या पाण्यापल्याड, जंगलाच्या अंगानं. जागा तं पाहून ठेवली." मग माझ्या चेहऱ्याकडं पाहून तिनं मला समजावून सांगितलं. मला! "आमच्या जुन्या गावी जंगलखात्यानं अशाच खुंट्या गाडल्या होत्या, सायेब. आमी म्हटलं, पाहू काय होते ते. पाहतच राह्यलो. मंग गार्ड आले, घरं पाडले अन् लाकूड बी घेऊन गेले. म्हणे सागवान सरकारचं आहे. माह्या सासऱ्यानं तासलेले खांब! आमी रिकाम्या हातानं इथी आलो. ह्या बखत आमी नाई थांबत. खुंट्या आल्या, आता आपणच काढून घेऊ. लाकूड तं आपलं राहीन."

मी उभाच राहिलो.  तिथं एक वाक्य बोलायचं होतं. बाई, हे कॉलेजचं काम आहे, कोणी तुम्हाला उठवत नाही, छप्पर परत चढवा. शाळेतल्या पोरालाही बोलता आलं असतं. ते माझ्या तोंडापर्यंत आलं आणि त्याच्या शेजारी सरांचं पत्र येऊन बसलं. अकरा घरांचं काय करणार? घरंच नसली तर?

बाईनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "कवापर्यंत टेम आहे, सायेब?"

आणि मी म्हणालो, "दोन बाजार."

हट्, माणूस किती सहज बोलून जातो! दोन आठवडे म्हटलं असतं तर तिला बोटं मोजावी लागली असती, म्हणून तिच्या भाषेत सांगितलं. आठवड्याचे दोन बाजार होईपर्यंत. सरांची तारीख त्याच्या दुसऱ्या दिवशीची होती.

तिचा चेहरा खुलला. "बरं झालं सांगून देल्लं. जंगलवाल्यानं कधी दिवस सांगतला नाई. माणूस दिसता तुमी." तिनं सुनेला हाक मारली. सुनेनं पळसाच्या पानांच्या द्रोणात टेंभरं आणून दिली. पिकलेली, गोड. मी ती खाल्ली. तिथंच उभं राहून, बिया थुंकत, सगळी खाल्ली.

पुढचे दिवस मी माडीवरून खाली फारसा उतरलो नाही. राहिलेले तीन कागद शाईनं पुरे केले.  इतक्या सुबक रेघा माझ्या हातून पुढं कधी आल्या नाहीत. टोल्याच्या जागी मी बारा प्लॉट आणि एक छोटं मैदान काढलं. मैदानाच्या कडेला चारही मोहाचे ठेवले. सरांना झाडं आवडायची.

ढिवर एकदा वर आला. दारात उभा राहून म्हणाला, "साहेब, ते लोक काऊन जाऊन राह्यले? कागद तं कोणताच आला नाई कचेरीत. मी कोतवालाले इचारलं."

"तू तुझी साखळी पुसून ठेव," मी म्हणालो.

"पुसून ठेवली."

"मग झालं तर."

तो जिना उतरून गेला.  दुसऱ्या दिवशी कामाला आला नाही. नदीवर काम आहे असा निरोप होता. दुपारी खिडकीतून मला तो गडचिरोलीच्या रस्त्यावर दिसला, एका गोंडासोबत खांद्यावर सागाचा खांब घेऊन चाललेला. मी खिडकी लावून घेतली.

मिलवाला खूश होता. तो वर येऊन खुर्चीवर बसायचा, माझ्या नकाशावर बोट फिरवायचा. "बारा प्लॉट, हो? वा! तुमच्या खुंट्यांत जादू आहे बावा. आमी दहा वर्सं खटपट करून राह्यलो, ह्या लोकाले हलवता नाई आलं. तुमी तं आवाजही नाई केला."

"मी काही केलं नाही," मी म्हणालो.

"तेच तं म्हणतो!" आणि तो मांडीवर थाप मारून हसला. त्याला थोबाडीत मारावीशी वाटली. पण मी त्याच्याच खोलीत राहत होतो, त्याच्याच घरचं भात-वरण जेवत होतो.

एकदा मात्र मी निघालो होतो. पहिला बाजार होऊन तीन दिवस झाले होते. सकाळी उठलो ते ठरवूनच, की जाऊन सांगून टाकायचं, मग काय व्हायचं ते होवो. हॅट न घालता गेलो. शेवटच्या बांधीपर्यंत पोचलो आणि तिथून टोला दिसला. चार घरं उतरली होती. सात उभी होती. बाई आणि तिची सून मिळून जात्याची तळी बंडीत चढवत होत्या. मी बांधावर उभा राहिलो आणि हिशेब केला. आत्ता सांगितलं तर सात वाचतील आणि चार परत येतील. म्हणजे सरांना सगळीच्या सगळी अकरा दिसणार. आणि या लोकांना कळणार की हा माणूस इतके दिवस खोटं बोलला. गावालाही कळणार की मी साहेब नाही. यातल्या कोणत्या गोष्टीला मी जास्त घाबरलो ते आज नक्की सांगता येणार नाही, पण बहुतेक शेवटच्या. बाईनं मला पाहिलं, हात उंच करून म्हणाली, "होऊन राह्यलं, सायेब! टेमाच्या आंधी होते!"

मीही हात वर केला आणि माघारी फिरलो.

दुसरा बाजार झाला. दुसऱ्या दिवशी वडशाहून जीप आली. सर, परीक्षक आणि मी, तिघं उंचवट्यावर उभे राहिलो. चार मोहाचे, माझ्या सतरा खुंट्या, चुलींच्या काळ्या जागा आणि खांबांचे खड्डे. परीक्षक लठ्ठ, घामाघूम झालेले, स्वभावानं बरे. नकाशा डोळ्यांपुढं धरून म्हणाले, "ही तर मोकळीच जागा आहे. घरांचा काहीतरी प्रश्न आहे म्हणत होता तुम्ही?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी तयारी करूनच आलो होतो. "हंगामी वस्ती होती, सर. मोहाच्या दिवसांपुरते येतात, जातात. मापं घेताना मला आधी कळलं नव्हतं."

सर खाली वाकले. एका खड्ड्यात त्यांनी आपली छडी घातली. छडी निम्मी आत गेली. "हंगामासाठी इतका खोल खांब गाडतात?" त्यांनी त्याच हळू आवाजात विचारलं.

 त्यांनी छडीची माती गवतावर पुसली. मग खिशातून लाल पेन्सिल काढली, मी आधी पाठवलेल्या प्रतीवरच्या स्वतःच्या शेऱ्यावर, अकरा घरांबद्दलच्या, एक रेघ मारली आणि परीक्षकांना म्हणाले, "चला, ऊन फार झालं." त्या माणसाला सगळं कळलं होतं. विलायतेत शिकलेला माणूस, खड्डा ओळखणार नाही का? त्याला मी नापास व्हायला नको होतो, कारण वर्गातले चौघं आधीच नापास होणार होते आणि त्याची खुर्ची नवी होती. हे मला नंतर, मी स्वतः साहेब झाल्यावर समजलं. त्या दिवशी जीपमध्ये मला फक्त हलकं वाटलं.

निकाल ज्येष्ठात लागला. पहिला वर्ग, आणि लगेच सरकारी नोकरीचं पत्र. आता मी खरोखरचा साहेब होणार होतो. खोलीत राहिलेलं सामान आणायला आरमोरीला गेलो. उंचवट्याभोवती मिलवाल्यानं बांबूचं कुंपण घातलं होतं, आत कोंड्याचे ढीग. "पडीतच तं होती," तो म्हणाला, "अन् तुमच्याच थीसिसमंदी लिहून आहे ना, मोकळी जागा म्हणून? कॉलेजचा कागद दाखवला कचेरीत." मी त्याला एक प्रत आभार म्हणून पाठवली होती.

ढिवर बाजारात भेटला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "बोडीच्या पल्याड आहेत. जा, पाहून या." माझ्या तोंडाकडं न पाहता बोलला.

मी गेलो. का गेलो? पास झालो होतो, आता खरं बोलायला काही पडत नव्हतं, म्हणून गेलो. जंगलाच्या कडेला सहा घरं उभी राहत होती. बाकीचे लोक पळसाच्या पानांच्या मांडवाखाली होते. गार्ड दोनदा येऊन दम देऊन गेला होता. बाईच्या घराचे खांब गाडून झाले होते, आणि मुलगा वर बसून कवेलू लावत होता, सून खालून एकेक देत होती. मला पाहून बाई उठली, "जोहार, सायेब," म्हणाली आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं.

"पाणी नको," मी म्हणालो. "बाई, ऐका. मी सरकारचा माणूस नाही. तेव्हाही नव्हतो. ते कॉलेजचं काम होतं. माझी परीक्षा होती."

"परीक्षा?"

"हो."

"मंग रस्ता?"

"रस्ता नाही होणार. नुसता कागदावर होता."

"अन् खुंट्या?"

"शिकण्यासाठी."

 मी वाट पाहत होतो. तिनं शिव्या द्याव्यात, तळतळाट द्यावा, मुलाला सांगून मला चार फटके द्यावेत, असं मला मनापासून वाटत होतं. त्यासाठीच मी दोन कोस चालत आलो होतो. ते झालं की मी मोकळा.

ती म्हणाली, "पास झाले का?"

"झालो."

"बरं झालं," ती म्हणाली. आणि मग तिच्या डोळ्यांत एकदम काहीतरी आलं, ती एक पाऊल पुढं आली. "म्हंजे कोणी उठवलंच नव्हतं आमाले? मंग आमी परत जाऊ का तिथी?"

कुंपण, कोंड्याचे ढीग, कचेरीत दाखवलेला माझ्या सहीचा कागद, हे सगळं मी सकाळीच पाहून-ऐकून आलो होतो. पुन्हा एकच वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "विचारून सांगतो."

तिनं मान हलवली आणि वळून वर पाहिलं. मुलाशी ती गोंडीत बोलायची, पण या वेळी मराठीतच म्हणाली, मला ऐकू जावं म्हणून बहुधा. "उतर गा खाली. राहू दे ते कवेलू. सायेब इचारून सांगतो म्हणते."

तो उतरला. छप्पर अर्धं झालं होतं. मृगाला आठ दिवस होते. मी बसनं वडशाला आणि तिथून चांद्याला गेलो, नोकरीवर रुजू झालो, आणि कोणालाही काही विचारलं नाही.